गालिचे व लघुचित्रकला : आकृतिबंधांचे परस्परसंबंध

सोळाव्या-सतराव्या शतकांत इराणमधील सफवी, तुर्कस्तानातील ऑटोमन आणि भारतातील मोगल राजदरबारांच्या आश्रयाने विणलेले गालिचे व त्याच दरबारांत तयार झालेली लघुचित्रे यांच्या आकृतिबंधांत निकटचे साम्य आढळते. मध्यभागी पदक व चार कोपऱ्यांत त्याचेच चतुर्थांश, वेलबुट्टीच्या सर्पिल वलयांनी व्यापलेली पार्श्वभूमी, चिनी धर्तीचे मेघपट्ट, परस्परांशी झुंजणारे पशू, शिकारी, पंखधारी पऱ्या, फुललेली रोपटी ही ज्ञापके दोन्ही कलांत येतात. हे साम्य केवळ अनुकरणातून आलेले नाही. एकाच राजकीय कलाशाळेतील नक्षीकारांनी केलेली रेखाटने ग्रंथ, पुस्तकबांधणी, चिनी मातीच्या फरशा, तंबू आणि गालिचे अशा अनेक माध्यमांसाठी वापरली जात, हे त्याचे मूळ कारण होय. दरबाराबाहेर, भटक्या जमातींत व खेड्यांत विणल्या जाणाऱ्या गालिच्यांची भौमितिक परंपरा निराळी असून तिचा लघुचित्रांशी असा थेट संबंध नाही.

रेषा आणि गाठ : चित्रकार कुंचल्याने अखंड वक्ररेषा काढतो. गालिच्याची विणकर मात्र उभ्या धाग्यांच्या जोडीभोवती लोकरीची वा रेशमाची एकेक गाठ मारीत जातो, गाठींची एक ओळ पुरी झाली की आडवे धागे घालून ती फणीने ठोकून बसवितो आणि गाठींची टोके कातरून सारखी लव तयार करतो. त्यामुळे गालिच्यावरील प्रत्येक रेषा वस्तुतः लहान लहान चौकोनी ठिपक्यांची असते. गाठी विरळ असतील, तर वक्ररेषा पायऱ्यांसारखी तुटक दिसते व नक्षी साहजिकच कोनाकृतींकडे वळते. गाठी पुरेशा दाट झाल्या, म्हणजेच वेलीची वळणे, प्राण्यांचे स्नायू आणि माणसाचा चेहरा दाखविणे शक्य होते. गाठ तुर्की (सममित) आहे की इराणी (असममित) आहे, यापेक्षा ती किती बारीक आहे हे येथे अधिक निर्णायक ठरते. बारीक गाठीसाठी ताण्याचा धागाही बारीक व बळकट लागतो. म्हणूनच उत्कृष्ट दरबारी गालिच्यांत ताणा रेशमी असतो. असा खर्च आणि वर्षानुवर्षांचे श्रम राजाश्रयावाचून परवडण्यासारखे नव्हते. चित्रसदृश गालिचा दरबारातच का निपजला, याचे उत्तर बऱ्याच अंशी या तांत्रिक व आर्थिक अटींत आहे.

अशी गुंतागुंतीची नक्षी विणकर केवळ स्मरणाने विणू शकत नाही. त्याला आधी कागदावर तयार केलेला आराखडा लागतो. पदक व कोपरे यांच्या रचनेत बहुधा एक चतुर्थांश भागाचाच आराखडा पुरेसा होतो व तोच आडवा-उभा उलटवून संपूर्ण क्षेत्र भरता येते. काश्मीरमध्ये शालींसाठी व पुढे गालिच्यांसाठी नक्काशाचे रेखाटन ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत उतरवून घेत व ती वाचून दाखविली जाईल त्याप्रमाणे विणकर रंगाची गाठ घालीत. चित्रकार आणि विणकर यांच्यामध्ये असा मध्यस्थ असल्यामुळे मूळ रेखाटनात काही बदल होणे अपरिहार्य असते.

रंगांच्या बाबतीतही हा बदल घडतो. लघुचित्रकाराजवळ लाजवर्दाचा निळा, हिंगुळाचा तांबडा व सोन्याचा मुलामा असे खनिज रंग असत. रंगाऱ्याला मात्र नीळ, मंजिष्ठा, लाख, पिवळी फुले देणाऱ्या वनस्पती इत्यादींवर भागवावे लागे. त्याचा हिरवा रंग पिवळ्यावर निळीचे बुडवण देऊन सिद्ध होई. सोन्याच्या मुलाम्याची जागा रेशमावर गुंडाळलेल्या सोन्यारुप्याच्या तारांनी घेतली.

किताबखाना : इराणी दरबारांत ग्रंथनिर्मितीच्या संस्थेला ‘किताबखाना’ म्हणत. ग्रंथालय व कार्यशाळा अशी दोन्ही कामे तेथे चालत. सुलेखनकार, चित्रकार, सोनेरी अलंकरण करणारे आणि पुस्तकबांधणी करणारे कारागीर तेथे एकत्र काम करीत. हेरात येथील तैमूरी राजपुत्र बायसुंगुर (मृ. १४३३) याच्या किताबखान्याचा प्रमुख जाफर याने त्याला सादर केलेला कामाच्या प्रगतीचा एक अहवाल उपलब्ध आहे. त्यात ग्रंथांच्या पानांबरोबरच खोगिराच्या नक्षीचा उल्लेख येतो, तसेच एक नक्षीकार पुस्तकबांधणी करणारे, अलंकरणकार, तंबू करणारे आणि फरशा बनविणारे अशा सर्वांसाठी रेखाटने करण्यात गुंतला असल्याची नोंद आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील आणि बर्लिन येथील संग्रहांतील चित्रसंपुटांत अशा प्रकारची सुटी रेखाटने जतन झालेली आहेत. एका माध्यमाचा आकृतिबंध दुसऱ्या माध्यमात कसा जात असे, हे या पुराव्यावरून स्पष्ट होते.

या रेखाटनांच्या शैलीत दोन प्रकार प्रमुख होते : ‘इस्लिमी’ म्हणजे द्विदल पानांची फाटे फुटत जाणारी वेल आणि ‘खताई’ म्हणजे कमळ, शेवंतीसारखी फुले व कळ्या यांची चिनी वळणाची वेल. तेराव्या-चौदाव्या शतकांत मंगोल राजवटीच्या काळी चीनशी आलेल्या संपर्कातून खताई वेल, मेघपट्ट, नाग-व्याल (ड्रॅगन) आणि चिनी फीनिक्सच्या रूपातील सीमुर्ग पक्षी इराणी चित्रकलेत रुजले. चित्रकलेतून ते पुढे गालिच्यांवर आले.

तैमूरी काळातील स्थित्यंतर : पंधराव्या शतकातील तैमूरी दरबारी गालिचे आज जवळजवळ उपलब्ध नाहीत, त्यांची कल्पना येते ती लघुचित्रांवरूनच. इराणी लघुचित्रात यथादर्शनाचा अवलंब केलेला नसतो. सिंहासनापुढील गालिचा वरून पाहावा तसा सपाट व पूर्ण दाखविलेला असतो आणि त्यामुळे त्याची मध्यभागाची नक्षी व किनार नीट वाचता येते. एमी ब्रिग्ज या अमेरिकन अभ्यासिकेने १९४० मध्ये अशा चित्रित गालिच्यांची पद्धतशीर छाननी केली. पंधराव्या शतकाच्या बहुतेक काळात चित्रित गालिच्यांवर अष्टकोन, तारे, चौफुल्या यांची लहान लहान आकारांत पुनरावृत्त होणारी भौमितिक नक्षी व कूफी लिपीच्या वळणाची किनार दिसते, असे तिने दाखवून दिले. शतकाच्या शेवटच्या चरणात बिहजाद (मृ. सु. १५३५) व त्याच्या वर्तुळातील हेराती चित्रकारांच्या चित्रांत मात्र वेलबुट्टीचे वक्राकार गालिचे येऊ लागतात.

जर्मन कलेतिहासकार कुर्ट एर्डमान याने या स्थित्यंतरास गालिच्याच्या आकृतिबंधातील क्रांती असे संबोधिले. या क्रांतीचा उगम ग्रंथकलेत आहे. पदक व कोपऱ्यांची रचना चामड्याच्या पुस्तकबांधणीवर आणि हस्तलिखिताच्या आरंभीच्या अलंकृत पृष्ठांवर आधीच परिपक्व झालेली होती. ग्रंथारंभी येणारे ‘शम्सा’ नामक सूर्याकृती वर्तुळ, त्यातून निघणारी टोकदार पदके, त्यांभोवतीची आयताकार चौकट आणि चौकटीतील लेखपट्ट हे सर्व घटक गालिच्यात जसेच्या तसे ओळखता येतात. गालिच्याच्या इतिहासात चित्रकलेपेक्षाही ग्रंथालंकरणाचा व पुस्तकबांधणीचा वाटा अगोदरचा व अधिक मूलगामी आहे, असे म्हणता येईल. मानव व पशू यांच्या आकृती त्या मूळ सांगाड्यात नंतर भरल्या गेल्या.

सफवी गालिचे : शाह इस्माइलने १५०१ मध्ये तब्रीझ येथे सफवी सत्ता स्थापन केली. १५२२ मध्ये बिहजादची तेथील राजकीय ग्रंथशाळेच्या प्रमुखपदी नियुक्ती झाली व हेरातची परंपरा तब्रीझच्या परंपरेत मिसळली. पुढील राजा शाह तहमास्प (कार. १५२४–७६) हा स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेला होता. त्याच्यासाठी सिद्ध झालेल्या शाहनाम्याच्या प्रतीत २५८ चित्रे होती. सुलतान मुहम्मद, मीर मुसव्विर, आका मीरक या चित्रकारांचा तीत सहभाग होता. निजामीच्या खम्साची प्रत (१५३९–४३) आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. सर्वश्रेष्ठ सफवी गालिचे याच दोन-तीन दशकांत विणले गेले.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयातील ‘अर्दबील गालिचा’ हा त्यांपैकी सर्वांत विख्यात. त्यावर मकसूद काशानी हे नाव व हिजरी ९४६ (इ. स. १५३९–४०) हे वर्ष विणलेले आहे. तो सु. १०·५ मी. लांब व ५·३ मी. रुंद असून त्यात दर चौ. सेंमी.स सु. ५३, म्हणजे एकूण अडीच कोटींहून अधिक गाठी आहेत. गडद निळ्या पार्श्वभूमीवर मध्यभागी शम्सा आणि त्याभोवती सोळा टोकदार पदके अशी त्याची रचना आहे. मध्यपदकाच्या दोन्ही बाजूंस एकेक टांगता दिवा दाखविला आहे. गालिच्यावर एकही सजीव आकृती नाही. तो अर्दबील येथील शेख सफीउद्दीनच्या दर्ग्यातील मानला जातो. संग्रहालयाने तो १८९३ मध्ये विकत घेतला. इंग्लिश कलावंत व कवी विल्यम मॉरिस याने त्याची शिफारस केली होती. त्याच्या जोडीचा दुसरा गालिचा लॉस अँजेल्स येथे आहे. त्याचे काही भाग कापून लंडनच्या गालिच्याची दुरुस्ती करण्यात आली, त्यामुळे तो आकाराने लहान झालेला आहे.

चित्रकलेशी थेट नाते सांगतात ते शिकारीचे गालिचे. व्हिएन्नाच्या उपयोजित कला संग्रहालयातील रेशमी गालिच्यावर पदकाभोवतीच्या मोकळ्या क्षेत्रात घोडेस्वार भाले, तलवारी व धनुष्यबाण घेऊन सिंह, हरिणे इ. प्राण्यांची शिकार करीत आहेत. पदकात नाग-व्याल व फीनिक्स, तर किनारीत पंखधारी पऱ्या आहेत. काही भागांत धातूची तारही वापरली आहे. वळून पाठीमागे बाण सोडणारा स्वार, घोड्याची ताणलेली मान, घायाळ पशूचा पीळ या सर्व मुद्रा तहमास्पकालीन चित्रांतील शिकार-दृश्यांशी जुळतात. मिलानच्या पोल्दी पेत्सोली संग्रहालयातील शिकारीच्या गालिच्यावर गियासुद्दीन जामी याचे नाव विणलेले आहे. मात्र वर्षाचा अंक हिजरी ९२९ (१५२२–२३) किंवा ९४९ (१५४२–४३) असा दोन प्रकारे वाचला जातो. या वीस वर्षांच्या फरकावर सफवी गालिच्यांचा कालानुक्रम बराचसा अवलंबून आहे. तो ठरविताना अभ्यासकांना पोशाख, पागोटी व आकृतींची ठेवण यांसाठी पुन्हा दिनांकित लघुचित्रांचाच आधार घ्यावा लागतो.

व्हिएन्नाच्या गालिच्याचा आराखडा सुलतान मुहम्मदने काढला असावा, असे अनेकांनी म्हटले आहे. शैलीचे साम्य मान्य करूनही त्यास लेखी पुरावा नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे. जी दोन नावे गालिच्यांवर प्रत्यक्ष आढळतात ती दरबारातील ख्यातनाम चित्रकारांची नाहीत. मकसूद व गियासुद्दीन हे नक्षीकार होते, कार्यशाळेचे प्रमुख होते, की गालिचा अर्पण करणारे अधिकारी होते, याविषयी मतभेद आहेत. प्रत्यक्ष गाठी मारणाऱ्या कारागिरांची नावे तर कोठेच नाहीत. प्रत्येक उत्तम गालिच्यामागे एखादा प्रसिद्ध चित्रकार कल्पिण्याच्या ओघात विणकराच्या स्वतंत्र कौशल्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. आराखड्यातील रेषा कोणत्या गाठीवर वळवावी, दोन रंगांच्या सीमेवर कोणती छटा घालावी, कोपऱ्यात किनार कशी फिरवावी हे निर्णय अखेर मागावरच होतात.

दोन्ही कलांतील भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. लघुचित्र हातात धरून, एकाच बाजूने पाहावयाचे असते व ते एखाद्या कथेतील विशिष्ट प्रसंग सांगते. गालिच्यावर माणसे चारी बाजूंनी बसतात. म्हणून गालिच्यावरील शिकारी कोणी ज्ञात वीर नसतात, प्रसंगाला आरंभ वा शेवट नसतो आणि आकृती चारही दिशांना सममितीने परावर्तित होतात. चित्रातील प्रसंग गालिच्यावर येताना आपली कथा गमावतो व नक्षी बनतो.

शाह अब्बासच्या काळात (१५८७–१६२९) हे नाते सैल झाले. चित्रकलेत रिझा अब्बासी आदींची सुटी व्यक्तिचित्रे लोकप्रिय झाली, तर गालिचे परदेशी व्यापारासाठी व राजनैतिक भेटींसाठी मोठ्या प्रमाणावर विणले जाऊ लागले. सोन्यारुप्याची तार व फिक्या रंगांचे रेशीम वापरलेले ‘पोलिश’ म्हणून ओळखले जाणारे गालिचे या काळातील होत. त्यांत फुले व वेलींची मोठी वलये आहेत, शिकारी व पशू क्वचितच दिसतात.

ऑटोमन दरबार : ऑटोमन दरबारात राजकीय नक्षीशाळेचे (नक्काशखाना) वर्चस्व असेच होते. तब्रीझहून आलेला शाह कुली याने दीर्घ, वाकड्या, दातेरी पानांची ‘साझ’ शैली प्रचारात आणली. ही पाने व कार्नेशन, ट्यूलिप ही फुले चित्रसंपुटे, इझ्निकच्या फरशा, रेशमी वस्त्रे आणि दरबारी गालिचे या सर्वांवर आढळतात. १५८५ मध्ये सुलतान तिसरा मुराद याने कैरोहून अकरा गालिचा-विणकर रंगविलेल्या लोकरीसह इस्तंबूलला बोलावून घेतले होते. नक्षी राजधानीची व हात दुसऱ्या प्रांताचे, अशी ही विभागणी होती.

मोगल गालिचे : हुमायूनने इराणमधील वनवासानंतर मीर सय्यद अली व अब्दुस्समद हे तहमास्पच्या दरबारातील चित्रकार आपल्या सेवेत घेतले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अकबराच्या (कार. १५५६–१६०५) चित्रशाळेत शेकडो भारतीय चित्रकार तयार झाले. अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत विणकरांच्या वसाहतींचा उल्लेख केला असून आग्रा, फतेपूर व लाहोर ही त्यांची विशेष केंद्रे सांगितली आहेत. मात्र इराणी गालिच्यांची आयातही चालूच असल्याचे तो नमूद करतो.

आरंभीच्या मोगल गालिच्यांचा एक विलक्षण नमुना तुकड्यांच्या रूपाने अनेक संग्रहालयांत विखुरलेला आहे. लाल पार्श्वभूमीवर हत्ती, सिंह इ. पशूंची मस्तके एकमेकांच्या जबड्यांतून बाहेर पडताना त्यात दाखविली आहेत. अनेक प्राण्यांच्या शरीरांनी एका प्राण्याची आकृती भरून काढण्याची मोगल चित्रकारांना जी हौस होती, तिच्याशी या कल्पनेचे नाते आहे. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातील चित्रगालिचा (सु. १५९०–१६००) तर जवळजवळ एक मोठे लघुचित्रच होय. सात लहान हत्तींना पकडलेला गजमुखी, पंखधारी सिंह व त्याच्यावर झडप घालणारा सीमुर्ग. बैलगाडीतून नेला जाणारा शिकारी चित्ता. मंडपात बसलेली माणसे असे प्रसंग त्यात एकावर एक रचले आहेत. त्यात पुनरावृत्ती वा सममिती नाही आणि तो एकाच दिशेने पाहावा लागतो. गालिच्याच्या उपयोगाशी ही रचना विसंगत आहे. पण मोगल कार्यशाळेत चित्राचा प्रभाव किती प्रबळ होता, हे तीवरून कळते. व्हिएन्ना येथील पक्षी व वृक्षांच्या मोगल गालिच्यातही मोर व अन्य पक्षी त्यांच्या जाती ओळखता याव्यात इतक्या निरीक्षणपूर्वक दाखविले आहेत.

जहांगीरच्या (कार. १६०५–२७) काळी या परंपरेला नवे वळण लागले. १६२० च्या वसंतात त्याने काश्मीरला भेट दिली. तेथील शंभराहून अधिक फुलांची चित्रे मन्सूर या चित्रकाराने काढल्याचे जहांगीर आपल्या आत्मचरित्रात सांगतो. त्याच सुमारास यूरोपीय वनस्पतिग्रंथांतील छापील चित्रेही दरबारात पोहोचली होती. मुळापासून शेंड्यापर्यंत एकच रोपटे, रिकाम्या पार्श्वभूमीवर, दोन्ही बाजूंस समतोल फांद्यांसह दाखविण्याची पद्धत त्यांतून रूढ झाली. शाहजहानच्या काळात (१६२८–५८) हे रोपटे सर्वत्र दिसते : दारा शुकोहच्या चित्रसंपुटात, चित्रांच्या हाशियांवर, ताजमहालाच्या संगमरवरी भिंतींवर आणि गालिच्यांवर. लाखेपासून केलेल्या गडद लाल पार्श्वभूमीवर कमलिनी, ट्यूलिप, आयरिस, खसखस यांच्या रोपट्यांच्या रांगा असलेले गालिचे या काळाचे वैशिष्ट्य होय. त्यांपैकी महत्त्वाचे अनेक गालिचे आमेरच्या राजघराण्याकडे होते. काही जयपूरच्या संग्रहालयात आहेत, तर इतर जगभर विखुरले आहेत. रेशमी ताण्यावर पश्मिन्याची लव असलेल्या काही मोगल गालिच्यांत दर चौ. सेंमी.स ३०० हून अधिक गाठी आढळतात. एवढ्या सूक्ष्मतेमुळे पाकळीवरील छटांचे क्रमिक उतारही विणता आले. भौमितिक बंधनापासून सुरू झालेला प्रवास येथे कुंचल्याच्या अगदी निकट येऊन पोहोचला.

दख्खन : दख्खनी सुलतानशाह्यांतही चित्रकला व गालिचे या दोन्हींची परंपरा होती. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाच्या गौरवार्थ रचलेल्या तारीफ-इ-हुसेनशाही (सु. १५६५) या सचित्र हस्तलिखिताची प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी दरबारी चित्रकलेचा तो सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक होय. विजापूरच्या आसार महालात जुने गालिचे जतन झाले. वरंगळ व एलुरू येथील विणकाम तर दीर्घकाळ प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील अनेक तुरुंगांत, पुण्याच्या येरवडा तुरुंगातही, कैद्यांकडून गालिचे विणून घेण्यात येत. जुन्या दरबारी नक्षींच्या प्रतिकृती या मार्गाने बाजारात पसरल्या. पण त्यांमागील चित्रशाळा मात्र तोवर नाहीशी झाली होती.

पुराव्याचे मूल्यमापन : लघुचित्रांवरून गालिच्यांचा इतिहास रचताना काही पथ्ये पाळावी लागतात. चित्रातील गालिचा काही सेंमी.चाच असतो. तेवढ्या जागेत चित्रकार प्रत्यक्ष समोरचा गालिचा रेखाटत असेल किंवा ग्रंथालंकरणातील आपल्या हातवळणाची नक्षीच भरीत असेल. गुरूकडून आलेली जुनी नक्षी तो पुढेही काढीत राहतो. त्यामुळे चित्राचा काळ व त्यातील गालिच्याच्या प्रकाराचा काळ एकच असेल असे नाही. उपलब्ध भव्य शिकारी गालिच्यांसारखे गालिचे लघुचित्रांत विरळाच आढळतात, ही गोष्टही या दृष्टीने सूचक आहे. याउलट, एखादा प्रकार अनेक चित्रकारांच्या, निरनिराळ्या केंद्रांतील दिनांकित चित्रांत सातत्याने आढळला, तर तो प्रत्यक्षात प्रचलित होता असे मानण्यास हरकत नाही.

या साधनांची झालेली नासधूसही अभ्यासातील मोठी अडचण होय. तहमास्पच्या शाहनाम्याची प्रत १५६८ मध्ये ऑटोमन सुलतानाला भेट म्हणून गेली. विसाव्या शतकात ती अमेरिकेत एका संग्राहकाच्या हाती आल्यावर तिची पाने सुटी करून विकण्यात आली. मोठे गालिचे वाटण्यासाठी, दुरुस्तीसाठी वा विक्रीसाठी कापले गेले. एका विख्यात सफवी गालिच्याचा एक भाग पॅरिसमध्ये, तर दुसरा पोलंडमधील क्रेको येथे आहे. एकाच कार्यशाळेतून निघालेल्या पानांची आणि गालिच्यांची अशी ताटातूट झाल्याने त्यांचे नाते आज प्रामुख्याने छायाचित्रे, गाठींची मोजणी आणि रंगद्रव्यांची रासायनिक परीक्षा यांच्या साहाय्यानेच जुळवावे लागते. अशा परीक्षणामुळे इराणी व भारतीय गालिच्यांतील भेद अधिक निश्चितपणे सांगता येऊ लागला आहे. चित्रशैलीवर आधारलेली जुनी अनुमानेही त्यामुळे नव्याने तपासली जात आहेत.